कुंभारणीचा स्पष्ट फोटो

उन्हाळ्यात आमच्या घरी कुलर कुठं बसवायचा यावर चर्चा होत नाही. तो मागच्या खोलीच्या खिडकीत बसतो. ती खिडकी तेवढ्याचसाठी आहे. तिच्यातून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते, दुसरं काही दिसत नाही. या वर्षी माझा नवरा गोकुळ गच्चीवरून कुलर खाली घेऊन आला, त्यानं तो धुतला, नवं गवत भरलं आणि खिडकीपाशी आणला, तेव्हा माझ्या सासूबाईंनी हात आडवा घातला.

"थांब. तिथं कुंभारीण बसलीय."

चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात चिखलाचा बोराएवढा गोळा चिकटलेला होता. त्याला मडक्यासारखं बारीक तोंड होतं, आणि बारीक कमरेची एक पिवळी-काळी माशी त्या तोंडाची ओली कड सारखी करत होती. हिला कुंभारीण म्हणतात. आमच्याकडं असं मानतात की कुंभारणीनं ज्या घरात मडकं बांधलं त्या घरात पाळणा हलतो, आणि तिचं घर मोडायचं नसतं. मोडलं तर काय होतं ते कुणी सांगत नाही, नुसतं तोंड बारीक करतात.

"आई, ऊन चाळीसच्या वर गेलंय," गोकुळ म्हणाला.

"मग? तिला लागत नाय का ऊन? ती बांधतीच हाय ना?"

गोकुळनं माझ्याकडं पाहिलं. मी कुलरकडं पाहिलं. कुलर परत गच्चीवर गेला नाही आणि खिडकीतही बसला नाही. तो मधल्या बोळकांडीत भिंतीला टेकून उभा राहिला आणि जाता-येता प्रत्येकाच्या गुडघ्याला लागू लागला.

आता अडचण अशी होती की पाळणा हलणार नव्हता. काही वर्षं इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, "या वेळी नक्की" आणि मग पुन्हा पहिल्यापासून, असं सगळं करून झालं होतं. संक्रांतीच्या सुमारास डॉक्टरबाईंनीच आता पुढं नको म्हटलं, आणि आम्ही दोघांनीही बास करायचं ठरवलं. फाइल बंद करता करता त्या मला म्हणाल्या, "मन रमवा. एखादा छंद लावून घ्या." मला त्यांचा इतका राग आला की मी "बरं" म्हणाले. मूल मागायला गेलेल्या बाईला छंद लावून घ्या सांगणं, हे किराण्याच्या दुकानात साखर नाही म्हणून खडू देण्यासारखं आहे. घरी सांगायचं काम राहिलं होतं. गोकुळ म्हणाला, तू सांग, बाईमाणसाला बाईमाणूस समजून घेतं. मी म्हणाले, आई तुझी आहे. तिथं आमचं बोलणं थांबलं ते उन्हाळा लागला तरी थांबलेलंच होतं.

सासूबाईंचं नाव आवडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या अजिंठ्याकडच्या. सासरे गेल्यावर शेत माझ्या धाकट्या दिराच्या हवाली करून त्या आमच्याकडं शहरात मुकुंदवाडीला राहायला आल्या. त्यांनी मला मुलाबाळावरून कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर मी फाडकन उत्तर दिलं असतं आणि त्या भांडणात खरं काय ते बाहेर पडलं असतं. पण त्या भांडतच नव्हत्या, नुसती वाट बघत होत्या. आणि रोज सकाळी मला हळद घातलेलं पेलाभर दूध प्यायला लावत होत्या. मला दूध आवडत नाही.

छंद मी रागानंच लावून घेतला. मी चितेगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तिथं रबराचे सील बनतात, म्हणजे पंपात बसतात त्या चकत्या. दिवसभर त्या भिंगाखाली धरायच्या, कडेला बुडबुडा दिसला, ओरखडा दिसला की लाल पेटीत टाकायच्या. माझ्या हातून खराब माल पुढं जात नाही, हे कारखान्यात कौतुकानं सांगतात आणि घरी वैतागून. तेव्हा भरतकाम वगैरे माझ्याच्यानं होणार नव्हतं. बारीक वस्तू जवळून बघणं एवढंच मला येतं, म्हणून मी मॅक्रो लेन्स घेतली. मुंगीचा फोटो मांजराएवढा काढायची ती लेन्स. कॅमेरा घरात होताच. लग्नानंतर गोकुळनं हौसेनं घेतला होता आणि हौस फिटल्यावर कपाटात ठेवला होता.

लेन्स मिळाली गुलमंडीत, शफीकभाईंच्या स्टुडिओत. आमच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले होते. नवरा-नवरीच्या अंगठ्यांचे जवळून फोटो काढायला म्हणून त्यांनी ती घेतली होती आणि ती तशीच पडून होती. "अब इसकी क्या कदर, ताई," ते म्हणाले. "लोगां को ड्रोन होना. अंगठी गेली खड्ड्यात, मांडव वरून दिसला पायजे."

सुरुवातीला मी कुंडीतल्या मिरचीचं फूल काढलं. मुंगळा काढला. साखरेचा दाणा काढला, तो तर जागचा हलतही नव्हता. सगळे फोटो धूसर. कारखान्यात असता तर मी सगळा माल लाल पेटीत टाकला असता आणि मशीन बंद करायला लावली असती. लेन्स खराब आहे असं सांगायला मी शफीकभाईंकडं गेले. त्यांनी माझे फोटो पाहिले आणि लेन्स खराब नाही, मी खराब आहे, हे फार अदबीनं सांगितलं.

त्यांचं म्हणणं असं. इतक्या जवळून बघायचं म्हटलं की लेन्सला फक्त नखाच्या जाडीएवढी जागा स्पष्ट दिसते. त्याच्या पुढचं धूसर, मागचंही धूसर. तुम्ही नुसता श्वास घेतला तरी ती नखाएवढी जागा मुंगीच्या डोळ्यावरून ढुंगणावर जाते. कॅमेऱ्याला आपोआप फोकस करायला सांगितलं तर तो येड्यासारखा पुढं-मागं धुंडाळत बसतो. म्हणून ते बंद करायचं. लेन्स एका जागी बसवायची आणि आपणच कमरेतून हळूहळू पुढं झुकायचं. डोळा स्पष्ट झाला की दाबायचं. "और सांस आधी छोडके रोकना," शफीकभाई म्हणाले. "पूरी भरके रोकोगे तो दिल धक-धक करता, वो भी फोटो में आता."

कॅमेऱ्यावरचा आकडा वाढवायचा असतो हेही त्यांनीच सांगितलं. आकडा वाढवला की लेन्सचं भोक लहान होतं, भोक लहान झालं की स्पष्ट जागा जरा वाढते, पण उजेड कमी होतो. उजेड कमी झाला की फोटो हलतो. मग फ्लॅश लावायचा. फ्लॅश लावला की मुंग्यांच्या पाठी ट्यूबलाइटसारख्या चमकतात, म्हणून त्याच्या तोंडावर पांढरं काहीतरी धरायचं. मी श्रीखंडाच्या डब्याचं झाकण धरलं. छंदाचं हे असं असतं. एक गोष्ट नीट करायला गेलं की दुसरी बिघडते, आणि मन रमायचं राहून जातं.

आमच्या खिडकीत कुंभारीण बसली तोवर माझी इथपर्यंत मजल गेली होती. कुलरच्या प्रसंगानंतर दुसऱ्या सकाळी आत्याबाई माझ्यापुढं दूध ठेवून म्हणाल्या, "तुझ्याकडं ते भिंग हाय ना? हिचा फोटो काढ. पण स्पष्ट आला पायजे."

"कशाला?"

"ग्रुपवर टाकायला."

ग्रुप म्हणजे 'बनकर परिवार'. त्यात आमच्या घराण्यातले झाडून सगळे आहेत, जे एकमेकांशी बोलत नाहीत तेही. आत्याबाईंची थोरली जाऊ आशाबाई तिथं रोज नातवंडांचे फोटो टाकते. आंघोळ करताना, जेवताना, जेवून झाल्यावर. मागं एकदा आत्याबाईंनी आमच्याकडं कुंभारीण आल्याची बातमी तिथं दिली होती, तेव्हा आशाबाईंनी फोटो मागवून "ही तर गांधीलमाशी" असं सगळ्यांदेखत लिहिलं होतं आणि खाली हसरी तोंडं टाकली होती. तो घाव आत्याबाई विसरल्या नव्हत्या.

"या टायमाला तिचं तोंड बंद झालं पायजे," त्या म्हणाल्या. "हिची कंबर दिसली पायजे, डोळं दिसलं पायजेत, मडकं दिसलं पायजे. मग मी बोलून टाकते, आमच्या मेघाची कूस उजवणार म्हणून."

मी दूध पिऊन टाकलं, त्याची चवही कळली नाही. फोटो स्पष्ट आला की बातमी जाणार, अजिंठ्यापासून पुण्यापर्यंत. मग फोन सुरू होणार, कितवा महिना विचारणार, खारकांची पाकिटं येणार. आणि मग एक दिवस आत्याबाईंना सगळ्यांदेखत मागं यावं लागणार, तेही आशाबाईंपुढं. तेव्हा फोटो धूसरच आलेला बरा. हे सोपं होतं, कारण माझे फोटो धूसरच येत होते.

रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहायला लागलो. माशीचे पंख वाऱ्यानं हलू नयेत म्हणून पंखा बंद करायचा. कुलर बोळकांडीत, पंखा बंद, आणि मी स्टुलावर कॅमेरा डोळ्याला लावून, श्वास अर्धा सोडून घामाघूम. आत्याबाई खालून पदरानं मला वारा घालायच्या. मग त्यानं पंख हलतात म्हटल्यावर थांबायच्या.

कुंभारीण आमच्याकडं ढुंकून बघत नव्हती. नळाखालच्या ओल्या जागेवरून तोंडात मातीची गोळी आणायची, ती कडेला लावायची, पुढच्या पायांनी थापायची आणि जायची. एक मडकं झालं की तिनं त्याला चिकटून दुसरं घेतलं. माझ्या हाताशी इतकी शिस्तीची ऑपरेटर कारखान्यात एकही नाही.

आत्याबाई फोटो तपासायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना फार स्पष्ट दिसतं, आणि त्या ते लपवत नाहीत.

"यात नुस्ता पाय आलाय."

"हं."

"यात कंबर हाय, पण तोंड कुठंय? हे काय, धुकं?"

"तेच तोंड आहे."

"नाय चालायचं. उद्या परत काढ."

क्वालिटीत इतकी वर्षं काढून माझा माल असा कुणी परत पाठवला नव्हता. मला राग यायला लागला. आधी आत्याबाईंचा, मग माझा. ठरवलं होतं फोटो धूसर येऊ द्यायचा, पण धूसर फोटो मला बघवेना. बसमध्ये बसल्या बसल्या मी विचार करायची, कोपर चौकटीला टेकवलं तर? माशी येते तेव्हा नको, माती थापत असते तेव्हा काढला तर? बातमी जाऊ नये असं मनापासून वाटत होतं आणि फोटो स्पष्ट यावा असंही तितकंच मनापासून वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या डोक्यात कशा राहतात हे मला आजही सांगता येणार नाही.

एका सकाळी ती तोंडात हिरवी अळी घेऊन आली. अळी तिच्याएवढीच लांब. तिनं ती ओढून-ढकलून मडक्यात भरली.

"बघ," आत्याबाई खालून म्हणाल्या. "आता ती तिला आत कोंडणार आन् बाहेरून गुणगुणणार. आईकून आईकून ती अळीच कुंभारीण होती. तिला कुठं पोटचं असतं? दुसऱ्याचं आणून आपल्यासारखं करती."

मी वाचलं होतं की ती अळी म्हणजे आतल्या पिल्लासाठी भरून ठेवलेला डबा आहे. बोलले नाही. न बोललेल्या गोष्टी माझ्याकडं आधीच पुष्कळ झाल्या होत्या.

आणि मग तो फोटो आला. मी कोपर चौकटीला टेकवलं होतं, ती नव्या मडक्याची कड थापत होती. मी झुकले, तिचे पाय स्पष्ट झाले, अजून झुकले, जबडा, आणि मग डोळा. मी दाबलं. छोट्या पडद्यावर मोठा करून पाहिला तर डोळा वाटाण्याच्या फोडीसारखा, मधे खाच असलेला. कपाळावरचे केस मोजता येतील असे. तोंडात मातीची गोळी, तिच्यावर ओलसर चमक. कमरेपासून मागचं सगळं हळूहळू धूसर होत गेलेलं, जसं व्हायला पाहिजे तसंच. मला इतका आनंद झाला की मी स्टुलावरून उतरून पुन्हा चढले.

"आला का?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले आणि त्यांना आदल्या दिवशीचा फोटो दाखवला.

"नुस्तं धुकं," त्या म्हणाल्या. "उद्या परत काढ."

स्पष्ट फोटो मी शफीकभाईंना दाखवला. कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवत नव्हतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बराच वेळ पाहिला आणि माशाल्ला म्हणाले. मग म्हणाले, "घर में दिखाई की नै?"

मी नाही म्हणाले. का म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. मूल होणार नाही, आम्ही थांबलो, सासूबाईंना माहीत नाही, कुंभारीण बसलीय, कुलर बोळकांडीत आहे. नवरा सोडून दुसऱ्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते, आणि ते बॅटऱ्यांच्या काउंटरवर उभं राहून.

शफीकभाई थोडा वेळ माझी लेन्स पुसत राहिले. ती स्वच्छच होती. "फोटो छुपाने से धुंधला थोडी होता, ताई," ते म्हणाले. ते असं कधी कधी बोलून जातात. मग वातावरण हलकं करायला त्यांनी मला स्वतः काढलेले अंगठ्यांचे फोटो दाखवले. एकही स्पष्ट नव्हता.

रविवार उजाडला. नळाला पाणी यायचा दिवस होता, त्यामुळं गोकुळ खाली हौदापाशी बादल्यांच्या मागं होता. कुंभारणीचं शेवटचं मडकं तयार झालं होतं, बाकीची बंद होती आणि याचं तोंड अजून उघडं. माशी कुठंतरी गेली होती.

"आज हिच्या मडक्याच्या आत बघ," आत्याबाई म्हणाल्या. "ती नाय तवर. मी उजेड धरते."

त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि दोन्ही हातांनी वर धरला. मी कोपर टेकवलं. आधी मडक्याच्या तोंडाची कड स्पष्ट आली, आत नुसता काळोख. मी झुकले. कड धूसर झाली आणि आतली भिंत दिसायला लागली, तिच्या थापलेल्या मातीच्या रेघांसकट. अजून केसभर झुकले. छताला काहीतरी लोंबत होतं. श्वास अर्धा सोडला, थांबले, दाबलं.

खाली उतरून मी पडदा त्यांच्यापुढं धरला. लपवायचं होतं हे त्या क्षणी मी साफ विसरले. आत, छतापासून, केसापेक्षा बारीक धाग्याला एक अंडं लोंबत होतं. पांढुरकं, तांदळाच्या कणीएवढं, इतकं स्पष्ट की त्याच्यातून टॉर्चचा उजेड पलीकडं जाताना दिसत होता.

आत्याबाई बघत राहिल्या. टॉर्च त्यांच्या हातात तसाच पेटलेला होता, आता त्याचा उजेड जमिनीवर पडत होता.

"हे अंडं?"

"हो."

"एवढ्याशा धाग्याला? पडत नाय?"

"नाही पडत."

"आन् मी आपलं म्हणत होते, दुसऱ्याचं आणती." त्यांनी डोळ्याच्या कडा पदरानं टिपल्या. "हाच टाक. आशाबाईला म्हणावं आता काढ गांधीलमाशीचं नाव."

"टाकते नंतर."

"फोटो नंतर टाक. मी बोलून घेते." त्यांना लिहिता येत नाही, पण आवाज पाठवता येतो. त्यांनी टॉर्च बंद केला, ग्रुप उघडला, माइकवर अंगठा दाबून धरला आणि फोन तोंडाशी नेला. "राम राम मंडळी. मी आवडाबाई बोलते. आमच्या घरी..."

मी फोन त्यांच्या हातातून ओढून घेतला. सासूच्या हातातली वस्तू मी जन्मात कधी हिसकावली नव्हती. अंगठा सुटला आणि बोललं होतं तेवढं गेलं.

"काहून गं?" त्या दचकून म्हणाल्या.

"आत्याबाई, मूल होणार नाही."

त्यांचा हात अजून फोन धरल्यासारखा तोंडाशीच होता.

"डॉक्टरांनी सांगितलं, पुढं नको. आम्ही पण थांबलोय. आता काही करणार नाही. नाही होणार."

फोन टिंग वाजला. ग्रुपवर कुणीतरी "राम राम" लिहिलं होतं.

"कवा?" आत्याबाईंनी विचारलं.

"संक्रांतीला."

"संक्रांतीला." टिंग. धाकट्या दिरानं हात जोडले होते. "आन् मी तुला रोज दूध..."

"मला दूध आवडत नाही," मी म्हणाले. हे त्याच वेळी सांगायची काय गरज होती मला माहीत नाही. टिंग. आशाबाईंनी विचारलं होतं, आमच्या घरी काय?

मी फोनचा आवाज बंद केला. आत्याबाई खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांनी हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. मला वाटलं आता रडतील, किंवा ओरडतील, आणि दोन्हींसाठी मी तयार होते. पण त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात उलथनं होतं.

त्यांनी स्टूल खिडकीशी ओढलं आणि एका हातानं गज धरून त्यावर चढल्या.

"आत्याबाई, काय करताय?"

"कुलर बसवू," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "लई उकडतंय. माझ्यापायी तू सोसलीस. कामावरून येती, आंग भाजून निघतं, आन् मी म्हातारी बसली माशीची राखण करत." त्यांनी उलथन्याचं पातं मडक्यांच्या बुडाशी नेलं. "हिनं काय दिलं आपल्याला?"

"नका मोडू."

"आता काय करायचंय हिचं?"

"नका ना मोडू, तिचं आहे ते. आत आहे तिचं. मी बघितलंय." आणि मला रडू आलं. डॉक्टरबाईंनी फाइल बंद केली तेव्हा आलं नव्हतं, रिक्षात आलं नव्हतं, घरी आल्यावर मी पोळ्या केल्या होत्या. आता मी खिडकीपाशी उभी राहून आत्याबाईंच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून लहान पोरासारखी रडत होते, आणि थांबवता येत नव्हतं. मला मूल पाहिजे होतं. किती पाहिजे होतं हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, गोकुळलाही नाही.

तेवढ्यात कुंभारीण आली. तोंडात हिरवी अळी. तिला नेहमीच्या जागी उलथनं दिसलं. ती त्याच्याभोवती एकदा फिरली, दोनदा फिरली, अळीच्या ओझ्यानं खाली आली, पुन्हा वर गेली. जाईना. उलथन्याच्या पात्यापाशी पंख वाजवत हवेतच थांबली.

आत्याबाईंनी उलथनं मागं घेतलं.

कुंभारीण मडक्यावर उतरली आणि अळी आत घालायला लागली. आत्याबाई स्टुलावरून तिच्याकडं अगदी जवळून बघत होत्या. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या खाली उतरल्या आणि उतरल्यावरही त्यांनी हात काढला नाही.

"तिचं तरी होऊ दे," त्या म्हणाल्या. मग रडल्या. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. पंखा बंदच होता.

जिन्यावर बादली आपटल्याचा आवाज आला आणि गोकुळ ओला होऊन दारात उभा राहिला. स्टूल खिडकीशी, आईच्या हातात उलथनं, बायको रडतेय, हे सगळं त्यानं एकदम पाहिलं. तो गडबडला की मोठ्यानं बोलतो.

"काय झालं? कुलर बसवायचा का?"

"हळू बोल," आत्याबाई म्हणाल्या. "लेकरं हायेत आत."

"कुणाची?" गोकुळनं आवाज एकदम खाली आणून विचारलं.

"कुंभारणीची. तुझी नायत. मेघानं सांगितलं मला." त्यांनी उलथनं खाटेवर ठेवलं. "ती बादली ठेव खाली. तिला प्यायला पाणी आण."

गोकुळनं बादली खाली ठेवली आणि पाणी आणायला आत गेला. तो बराच वेळ बाहेर आला नाही.